एका थेंबातले अडीच परार्ध

सपाट रस्त्यावर ताशी ६० किलोमीटर वेगाने चाललेला सहा सिलिंडरचा मालट्रक घेऊ. लिटरला चार किलोमीटर धरले तर तासाला १५ लिटर डिझेल लागतं. इंजिन मिनिटाला दीड हजार फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला ७५० वेळा आणि सहांत मिळून साडेचार हजार वेळा इंधन फवारलं जातं. भागाकार केला की एका फवाऱ्याच्या वाट्याला ०.०५५ मिलिलिटर येतं. म्हणजे साधारण एक थेंब. हा थेंब आजच्या कॉमन रेल इंजिनात सुमारे दोन हजार बार दाबाखाली असतो. पृथ्वीवरच्या सर्वांत खोल सागरी गर्तेच्या, मारियानाच्या, तळाशी जवळपास ११ किलोमीटर पाण्याचं ओझं असतं, तरी तिथला दाब अकराशे बारच्या आत आहे. त्याच्या पावणेदोन-दोन पट दाबाने हा थेंब नोझलच्या सात-आठ भोकांतून बाहेर पडतो. प्रत्येक भोक मिलिमीटरच्या आठव्या-दहाव्या हिश्शाएवढं, आणि सगळा कारभार दोन मिलिसेकंदांत संपतो. नोझलमधली सुई ज्या मार्गिकेत वरखाली होते, तिथली फट दोन-तीन मायक्रॉनची असते. माणसाचा केस ७० मायक्रॉन जाड असतो.

आता अख्ख्या देशाचा आकडा. २०२३-२४ या वर्षात भारताने जवळपास ९ कोटी टन डिझेल जाळलं. लिटरमध्ये हे होतात सुमारे १०,८०० कोटी, रोजचे साडेएकोणतीस कोटी, सेकंदाला ३,४०० लिटर. हे सगळं डिझेल वरच्या ट्रकसारखं थेंबाथेंबाने जळतं असं मानलं, तर देशभरात दर सेकंदाला सहा कोटी फवारे उडतात.

पर्यायी इंधनांची धोरणं या मोठ्या आकड्यांत बोलतात. अमुक सालापर्यंत इतके टक्के मिश्रण, इतके कोटी लिटर, इतकं परकीय चलन वाचणार. इंजिन आणि टाकी मात्र मायक्रॉनमध्ये आणि दहा लाखांतल्या भागांमध्ये, म्हणजे पीपीएममध्ये जगतात. मी या विषयातले आकडे जितके वाचत गेलो, तितकी माझी एक खात्री पटत गेली. मिश्रणाची टक्केवारी ही यातली सर्वांत गाजणारी आणि सर्वांत कमी सांगणारी संख्या आहे. दोन टक्क्यांनी गाड्या बंद पाडल्याची उदाहरणं आहेत, आणि चाळीस टक्क्यांवर अख्खा देश चालल्याचंही आहे.

आधी टक्क्यांचाच हिशेब पाहू, कारण तोही छाती दडपवणारा आहे. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळण्याचं उद्दिष्ट ठेवलं. आजच्या खपाचे ५ टक्के म्हणजे वर्षाला ५४० कोटी लिटर, वजनात सुमारे ४७ लाख टन. शंभर किलो तेलापासून साधारण शंभर किलोच बायोडिझेल मिळतं, तेव्हा तेवढंच तेल हवं. देशात वर्षाला साधारण अडीच कोटी टन खाद्यतेल खपतं आणि त्यातलं निम्म्याहून जास्त आपण बाहेरून आणतो. म्हणजे फक्त पाच टक्क्यांसाठी देशाच्या सगळ्या कढया-तव्यांवरच्या तेलाचा पाचवा हिस्सा लागेल. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑगस्ट २०१८ मध्ये तळणीचं वापरलेलं तेल गोळा करण्याची मोहीम सुरू केली, ती याच टंचाईमुळे. ती चांगलीच आहे, कारण २५ टक्क्यांहून जास्त ध्रुवीय संयुगं झालेलं तेल माणसाच्या पोटात जाण्यापेक्षा इंजिनात गेलेलं बरं. पण प्रत्यक्षातलं मिश्रण अजून एक टक्क्याच्याही आत आहे.

त्याआधी आपण मोगली एरंडाचं स्वप्न पाहिलं होतं. ३१ डिसेंबर २००२ रोजी दिल्ली-अमृतसर शताब्दी एक्स्प्रेस ५ टक्के बायोडिझेलवर धावली. पुढच्याच वर्षी नियोजन आयोगाच्या समितीने जट्रोफाची, म्हणजे मोगली एरंडाची, योजना मांडली. २०११-१२ पर्यंत २० टक्के मिश्रण, आणि त्याच्या लागवडीसाठी देशात १ कोटी ३४ लाख हेक्टर जमीन उपलब्ध होऊ शकते, असा हिशेब होता. एवढी जमीन म्हणजे १ लाख ३४ हजार चौरस किलोमीटर. महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या ४३ टक्के. माळरानावर, पाण्यावाचून, खताशिवाय हे झाड भरघोस बिया देईल असं गृहीत धरलं होतं. झाड तगलं, पण बिया फारशा आल्या नाहीत. महाराष्ट्रातल्याही कित्येक शेतकऱ्यांनी त्या काळी बांधावर आणि पडीक रानात रोपं लावली होती.

टक्केवारीचा सर्वांत मोठा प्रयोग इंडोनेशियात चालू आहे. २०१६ मध्ये बी-२०, जानेवारी २०२० मध्ये बी-३०, २०२३ मध्ये बी-३५ आणि १ जानेवारी २०२५ पासून बी-४०. म्हणजे पंपावरच्या दर शंभर लिटरमध्ये ४० लिटर पामतेलापासून बनवलेलं बायोडिझेल. २०२५ साठी ठरवलेला कोटा होता १,५६० कोटी लिटर, सेकंदाला जवळजवळ पाचशे. हेक्टरी साडेतीन टन तेल धरलं तर एवढ्यासाठी ३९ लाख हेक्टर ताडबागा लागतात, अख्ख्या केरळएवढ्या. त्या बागांखाली गेलेल्या जंगलांचा प्रश्न मोठा आहे आणि तो स्वतंत्र लेखाचाच विषय आहे. इथे मला त्यांच्या तांत्रिक शिस्तीकडे बोट दाखवायचं आहे. बी-४० आणण्यापूर्वी त्यांनी हलक्या गाड्या ५० हजार आणि जड गाड्या ४० हजार किलोमीटर पळवून पाहिल्या. डिएंगच्या थंड पठारावर गाड्या उभ्या ठेवून नंतर सुरू होतात का ते तपासलं. आणि टक्केवारी वाढवताना मूळ बायोडिझेलमधली पाण्याची मर्यादा खाली आणली. युरोपीय मानक दर किलोला ५०० मिलिग्रॅम पाणी चालवून घेतं. इंडोनेशियाने बी-३० साठीच ते ३५० वर आणलं आणि बी-४० साठी त्याहूनही खाली. मोठा आकडा वर न्यायचा तर छोटा आकडा खाली ओढावा लागतो, हे त्यांना उमगलेलं आहे.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याला तेच ठेच लागून कळलं. तिथे २९ सप्टेंबर २००५ पासून सगळ्या डिझेलमध्ये २ टक्के बायोडिझेल सक्तीचं झालं. थंडी पडताच ट्रकचे फिल्टर चोक होऊ लागले आणि डिसेंबरात काही दिवस सक्ती स्थगित करावी लागली. दोष दोन टक्क्यांचा नव्हता. काही माल मानकात बसणारा नव्हता, त्यात ग्लिसरिन जास्त राहिलं होतं. बायोडिझेलमध्ये एकूण ग्लिसरिन ०.२४ टक्क्यांपर्यंत चालतं. त्याचं २ टक्के मिश्रण केलं की डिझेलमध्ये उरतात जेमतेम ४८ पीपीएम, शंभर लिटरमागे चार-पाच ग्रॅम. या किरकोळ मर्यादेच्या थोडं वर गेलं की थंडीत मेणासारखा थर फिल्टरवर बसतो आणि २० टन माल भरलेला ट्रक रस्त्याच्या कडेला उभा राहतो. तेच मिनेसोटा आज उन्हाळ्यात बी-२० आणि हिवाळ्यात बी-५ विकतं.

वनस्पती तेलाचं आणि डिझेल इंजिनाचं नातं तसं जुनं आहे. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ऑटो कंपनीने एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. खुद्द रुडॉल्फ डिझेल यांनी १९१२ मध्ये त्याची आठवण लिहून ठेवली आहे. पण कच्चं तेल फार जाड. डिझेलची श्यानता ४० अंशांवर २ ते ४.५ सेंटिस्टोक असते, तर तेलाची ३० ते ४०. फवाऱ्याऐवजी पिचकारी उडते, आणि अर्धवट जळालेल्या तेलाचा कार्बन नोझलच्या टोकावर साठतो. १९३७ मध्ये बेल्जियमच्या शावान यांनी पामतेलावर अल्कोहोलची प्रक्रिया करून ते पातळ करण्याचं पेटंट घेतलं, आणि पुढच्या वर्षी ब्रुसेल्स-लुव्हेन मार्गावर त्या इंधनाची बस धावली. आजचं बायोडिझेल त्याच रसायनशास्त्राचं. त्याची श्यानता उतरून ३.५ ते ५ वर येते, आणि इंजिन ते मुकाट्याने स्वीकारतं.

मुकाट्याने हा शब्द मी जपून वापरतो आहे. किलोमागे डिझेल सुमारे ४३ मेगाज्यूल ऊर्जा देतं, बायोडिझेल ३७-३८. बायोडिझेल वजनाला थोडं जड असल्याने लिटरमागे तूट ८-९ टक्क्यांवर येते, आणि बी-२० मध्ये ती दीड-दोन टक्के उरते. कोलोरॅडोतल्या बोल्डर शहरात हे नीट तपासलं गेलं. एकाच बनावटीच्या नऊ बसगाड्या, पाच बी-२० वर आणि चार साध्या डिझेलवर, दोन वर्षं एकाच मार्गावर धावल्या. प्रत्येकीचे एक लाख मैल झाले. प्रयोगशाळेत बी-२० चं मायलेज दोन टक्क्यांनी कमी भरलं. रस्त्यावर फरक सापडला नाही, कारण चढ, थांबे आणि चालकाचा पाय यांच्यामुळे येणारी तफावत त्याहून मोठी होती.

पण रस्त्यावर न दिसणारी तूट ताळेबंदात दिसते. आपल्या एसटीला रोज दहा लाख लिटरच्या वर डिझेल लागतं. पावणेअकरा लाख धरा. बी-२० भरलं तर दीड टक्का तूट म्हणजे रोज १६ हजार लिटर जास्त. नव्वद रुपयांचा भाव लावला तर दिवसाला साडेचौदा लाख आणि वर्षाला ५३ कोटींच्या आसपास रुपये. कुठल्याही एका चालकाला, एका डेपोला हे जाणवणार नाही. बायोडिझेल किती स्वस्त मिळालं तर हा सौदा परवडेल, हे या दीड टक्क्यावरून ठरवायला हवं.

जमेच्या बाजूचे आकडेही तितकेच खरे आहेत. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २००२ मध्ये अनेक चाचण्या एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा की बी-२० मुळे धुरातले कण १० टक्क्यांनी, कार्बन मोनॉक्साइड ११ टक्क्यांनी आणि न जळालेले हायड्रोकार्बन २१ टक्क्यांनी घटतात. नायट्रोजनचे ऑक्साइड मात्र २ टक्क्यांनी वाढतात. शुद्ध बायोडिझेलने कण जवळपास निम्म्यावर येतात. त्याच्या रेणूतच वजनाच्या १०-११ टक्के ऑक्सिजन असतो, त्याचा हा परिणाम. आणि वंगणाचा गुण तर विलक्षण आहे. प्रदूषणाच्या बीएस-२ मानकाला डिझेलमध्ये ५०० पीपीएम गंधक चालत असे, बीएस-३ ला ३५०, बीएस-४ ला ५०, आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ ला फक्त १०. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा नैसर्गिक स्निग्धपणाही जातो आणि पंप कोरडा घासू लागतो. चाचणीत घासल्याचा व्रण ४६० मायक्रॉनच्या आत असावा लागतो. एक-दोन टक्के बायोडिझेल घातलं की तो व्रण आपोआप मर्यादेत येतो. पंपाला झिजण्यापासून वाचवणारं हेच द्रव्य त्याच पंपाच्या तांब्या-पितळेला खातं. या विषयाचा खरा पेच इथे आहे.

मलाया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये पामच्या बायोडिझेलमध्ये धातूंचे तुकडे बुडवून ठेवले. ८० अंश तापमान, सतत ढवळणं, १,२०० तासांपर्यंत. निघालेला गंजण्याचा वेग वर्षाच्या हिशेबाने मांडला तर तांबं सुमारे १५ मायक्रॉन, ॲल्युमिनियम ५ मायक्रॉन आणि स्टेनलेस स्टील अर्ध्या मायक्रॉनहून कमी. तीन मिलिमीटर जाडीचा तांब्याचा पत्रा या वेगाने संपायला दोनशे वर्षं लागतील. वरवर पाहता काळजीचं कारण नाही. पण इंजेक्टरमधली फट दोन-तीन मायक्रॉनची आहे हे लक्षात घेतलं की वर्षाला पंधरा मायक्रॉन हा अवाढव्य आकडा होतो.

आणि पत्रा किती उरला यापेक्षा गेलेलं तांबं कुठे गेलं हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं तर भांड्याला काही होत नाही, ताक कळकतं. बायोडिझेलचं तसंच आहे. तांब्याच्या दोन मीटर लांब, आठ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या नळीचं आतलं क्षेत्रफळ पाचशे चौरस सेंटिमीटर भरतं. वरच्या वेगाने त्यातून दिवसाला १८ मिलिग्रॅम तांबं विरघळेल. आठवड्यात तीनशे लिटरच्या टाकीत अर्धा पीपीएम जमा होतो. एवढंसं तांबं काय करणार? फरिदाबादच्या संशोधकांनी मोगली एरंडाच्या बायोडिझेलमध्ये लोह, निकेल, मँगनीज, कोबाल्ट आणि तांबं घालून पाहिलं, तर इंधन लवकर खराब करण्यात तांबं सर्वांत पुढे निघालं, आणि थोडं तांबं जवळजवळ भरपूर तांब्याइतकंच नुकसान करून गेलं. कारण ही उत्प्रेरकी क्रिया आहे. तांब्याचा अणू एका रेणूचं ऑक्सिडीकरण घडवतो, मोकळा होतो आणि पुढच्या रेणूकडे वळतो.

ऑक्सिडीकरणाचा वेग तेलाच्या जातीवरही ठरतो, आणि तिथले आकडे तर थक्क करणारे आहेत. तेलातल्या ओलिइक आम्लाच्या साखळीत एक दुहेरी बंध असतो, लिनोलिइकमध्ये दोन, लिनोलेनिकमध्ये तीन. एक, दोन, तीन अशा साध्या चढणीला ऑक्सिडीकरणाचा वेग मात्र १, ४१, ९८ असा उसळतो. दोन दुहेरी बंधांच्या मधला हायड्रोजन फार सैल धरलेला असतो, म्हणून हे घडतं. सोयाबीनच्या तेलात निम्म्याहून जास्त लिनोलिइक आहे, पाममध्ये दहा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे पंपावर ‘बी-२०’ एवढंच लिहिलं तर त्याचा अर्थ अर्धाच कळतो. सोयाचं बी-२० आणि पामचं बी-२० ही टिकाऊपणात दोन वेगळी इंधनं आहेत. टिकाऊपणाच्या चाचणीत ११० अंशांवर तापवलेल्या नमुन्यातून तासाला दहा लिटर हवा सोडतात आणि त्यातून उडणारी आम्लं पाण्यात पकडतात. ती वाढू लागेपर्यंत किती वेळ गेला ते मोजतात. युरोपात किमान ८ तास लागतात, अमेरिकेत ३ तास पुरतात. मोगली एरंडाचं साधं बायोडिझेल चारेक तासच टिकलं होतं.

त्या आम्लांमध्ये फॉर्मिक आणि ॲसेटिक असतात, मुंगीच्या दंशातलं आणि व्हिनेगरमधलं. आम्लाची मर्यादा युरोप आणि अमेरिका दोन्हीकडे सारखी आहे, एका ग्रॅमला ०.५ मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइडने शमेल इतकी. हा आकडा रेणूंमध्ये मांडून पाहा. शुद्ध बायोडिझेलचा आपला तो एक थेंब, ०.०५५ मिलिलिटरचा. मर्यादेच्या काठावर असलेल्या या थेंबात २६ वर १६ शून्यं एवढे आम्लाचे रेणू असतात. भास्कराचार्यांनी लीलावतीत एकापासून सुरू करून संख्यांची जी अठरा स्थानं दिली आहेत, त्यांतलं शेवटचं परार्ध, म्हणजे एकावर १७ शून्यं. कायद्याने निर्दोष ठरलेल्या एका थेंबात अडीच परार्धाहून अधिक आम्लाचे रेणू. ते बहुतेक जड, मंद असतात आणि तेलात विखुरलेले असेपर्यंत फारसा त्रास देत नाहीत. पाणी आलं की चित्र पालटतं. लहान आम्लं तेल सोडून पाण्यात उतरतात, तळाशी एकवटतात, आणि गंज तिथे सुरू होतो.

पाणी येतंच. साधं डिझेल जेमतेम ५० ते १०० पीपीएम पाणी विरघळवून ठेवतं. बायोडिझेल त्याच्या दहा-पंधरा पट, हजार पीपीएमच्या पुढे. दहा हजार लिटर बायोडिझेल नऊ-दहा किलो पाणी पोटात घेऊन वर पूर्ण पारदर्शक दिसू शकतं. तेच डिझेलमध्ये मिसळलं किंवा गार झालं की मिश्रणाला एवढं पाणी पेलवत नाही आणि ते खाली बसतं. शिवाय टाकी श्वास घेते. रत्नागिरीत जुलै महिन्यात, ३० अंशांवर आणि ९० टक्के आर्द्रतेत, पंपाच्या टाकीतून दहा हजार लिटर विकले गेले की तेवढीच हवा आत शिरते आणि तिच्याबरोबर २७० ग्रॅम बाष्प. सगळं आत राहत नाही, पण पावसाळ्यात टँकर वारंवार रिकामा होणाऱ्या पंपावर हा हिशेब दर खेपेला नव्याने सुरू होतो. मासेमारी बोटींच्या टाक्या तर अर्ध्या भरलेल्या, खाऱ्या हवेत, बंदीच्या काळात दोन-दोन महिने उभ्या असतात.

डिझेल आणि पाणी यांच्या सीमेवर बुरशी आणि जीवाणू वाढतात. त्यांना पाण्यात घर मिळतं आणि तेलात अन्न, आणि बायोडिझेलचे रेणू त्यांना डिझेलपेक्षा सहज पचतात. त्यांच्या चिकट थराखाली धातूला सूक्ष्म खड्डे पडतात. सरासरी गंज वर्षाला काही मायक्रॉन असला तरी एका खड्ड्यात तो सगळा एका बिंदूवर उतरतो, आणि टाकी सरासरीने गळत नाही, बिंदूने गळते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने जुलै २०१६ मध्ये ४० ठिकाणच्या ४२ भूमिगत डिझेल टाक्यांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या ३५ टाक्यांमध्ये, म्हणजे ८३ टक्क्यांमध्ये, मध्यम किंवा तीव्र गंज आढळला. तपासणीपूर्वी आपल्या टाकीत असं काही आहे हे माहीत असलेले मालक पाव हिश्शाहूनही कमी होते. या साध्या डिझेलच्या टाक्या होत्या, जास्त मिश्रणाच्या नव्हेत. आपल्याकडची परिस्थिती कळायची असेल तर तशीच पाहणी किनाऱ्यावरच्या शंभर-दोनशे पंपांवर व्हायला हवी.

गंज तपासायला मानकांत जी चाचणी आहे तिच्याबद्दल माझा आक्षेप आहे. तांब्याची घासून लख्ख केलेली पट्टी ५० अंशांच्या इंधनात ३ तास बुडवायची आणि रंगाच्या तक्त्याशी ताडून पाहायची. ही चाचणी खनिज डिझेलमधल्या गंधकासाठी बनली, आणि तिथे ती उत्तम काम करते. ताजं बायोडिझेल ती सहसा पहिल्याच श्रेणीत पार करतं. मलायातला प्रयोग १,२०० तासांचा होता. ३ तास म्हणजे त्याचा चारशेवा हिस्सा. शिवाय ही चाचणी पट्टीकडे पाहते, इंधनाकडे नाही. बुडवण्यापूर्वी आणि नंतर इंधनाचा आम्लांक आणि तांब्याचे पीपीएम मोजले, तर ताक कळकलं की नाही ते कळेल.

शेवटचा छोटा आकडा धुरांड्यातला. बायोडिझेल बनवताना वापरलेल्या क्षाराचे अवशेष राहतात, म्हणून सोडियम-पोटॅशियम मिळून ५ पीपीएम आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम मिळून ५ पीपीएम अशी मर्यादा आहे. आपला ट्रक आयुष्यात सात लाख किलोमीटर चालला आणि नेहमी बी-२० भरलं, तर त्याच्यातून ३५ हजार लिटर बायोडिझेल जाईल आणि मर्यादेच्या काठावर धरलं तर त्याच्याबरोबर ३०० ग्रॅम धातू. तो जळत नाही. त्याची राख बीएस-६ च्या कण गाळणाऱ्या फिल्टरमध्ये आणि उत्प्रेरकावर बसते. इंजिनाच्या तळातल्या ऑइलचंही असंच आहे. हा फिल्टर स्वच्छ करताना सिलिंडरमध्ये उशिरा इंधन फवारतात, त्यातलं काही भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये उतरतं. डिझेल गरम ऑइलमधून बरंचसं उडून जातं. बायोडिझेल ३३० अंशांच्या पुढे उकळतं, म्हणून ते तिथेच राहतं. ऑइल बदलण्याचं अंतर कमी करणं एवढाच त्यावर मेकॅनिककडे उपाय आहे, आणि तो करावाच.

आता महाराष्ट्राच्या दारात नवं मिश्रण येऊन उभं आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी सांगितलं की डिझेलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा प्रयोग यशस्वी झाला नाही, आता १० टक्के आयसोब्युटेनॉलवर काम चालू आहे. पुण्याची एआरएआय ही वाहन संशोधन संस्था त्याच्या चाचण्या करते आहे. हे अल्कोहोल उसापासूनही बनवता येतं, म्हणून उसाच्या पट्ट्याला यात रस असणं स्वाभाविक आहे. आयसोब्युटेनॉल डिझेलमध्ये इथेनॉलपेक्षा सहज मिसळतं आणि पाण्यालाही कमी धरतं. पण त्याची ऊर्जा किलोला ३३ मेगाज्यूल. त्याचा सीटेन अंक, म्हणजे इंजिनात चटकन पेटण्याचं माप, १५ च्याही खाली, जिथे डिझेलला किमान ५१ हवा. ढोबळ हिशेबाने दहा टक्क्यांनी मिश्रणाचा सीटेन साडेतीनच्या आसपास घसरतो आणि तो भरून काढायला वेगळं द्रव्य घालावं लागतं. त्याचा ज्वलनांक २८ अंश, डिझेलच्या मानकातला किमान ३५. मिश्रणाचा ज्वलनांक सरासरीवर राहत नाही, तो त्यातल्या सर्वांत लवकर पेटणाऱ्या घटकाकडे झुकतो, म्हणून टक्का लहान असला तरी साठवण आणि टँकर यांचे नियम नव्याने पाहावे लागतील.

गंजाचं गणित तर इथे उलटंच होतं. बायोडिझेलमध्ये पाणी हा शत्रू. अल्कोहोलच्या मिश्रणात मात्र गरम ॲल्युमिनियमला पूर्ण कोरडं अल्कोहोल खातं, आणि थोडंसं पाणी असेल तर धातूवरचा ऑक्साइडचा थर शाबूत राहतो. एकाच टाकीत कधी बायोडिझेलचं आणि कधी आयसोब्युटेनॉलचं मिश्रण येऊ लागलं, तर पाणी किती असावं याचं एकच उत्तर उरणार नाही. पुण्याच्या चाचण्यांत ताकद आणि मायलेज मोजलं जाईलच. त्यांच्या बरोबरीने पावसाळ्यात उभ्या ठेवलेल्या टाकीतलं पाणी, इंधनात उतरलेलं तांबं आणि ॲल्युमिनियम, आणि चढत जाणारा आम्लांक महिनोन्‌महिने मोजला जावा, आणि टक्केवारी जाहीर होण्यापूर्वी ते पीपीएममधले आकडे ट्रकमालकांच्या, एसटीच्या आणि बोटवाल्यांच्या हातात पडावेत.